वाचकांचे प्रश्न : ‘आधी बोलायला लागू दे, मग आणा’

बालवाडीत सगळ्या मुलांना सामावून घेण्याबद्दल गेल्या अंकात लिहिलं, त्यावर पालकांची, अंगणवाडीताईंची आणि बालवाडीच्या शिक्षकांची पत्रं आली. पुष्कळ पत्रांत एकच गृहीत धरलेलं दिसलं : मूल तयार झालं की शाळेत घालायचं. आमचं मत याच्या उलट आहे. तीन ते सहा या वयात तयारी वर्गानं करायची असते, आणि ती पुठ्ठा, दोरी, पाट आणि मोजपट्टी घेऊन करता येते. उत्तरं बालशिक्षिका, विशेष शिक्षक आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (बसणं, खाणं, हातांची कामं जमावीत म्हणून उपचार करणारे) यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. दहा-बारा शब्द बोलतो, बाकी हातानं दाखवतो. शी-शू सांगत नाही. जवळच्या खासगी नर्सरीत म्हणाले, ‘आधी बोलायला लागू दे, शी-शू सांगू दे, मग आणा.’ त्यांना असं म्हणता येतं का?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : आधी कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ प्रमाणे सरकारी निधीवर चालणाऱ्या किंवा सरकारमान्य शिक्षणसंस्थेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो, आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयीही कराव्या लागतात. मान्यताप्राप्त शाळेच्या आवारातली नर्सरी असेल तर हे कलम दाखवा, नकार लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा नकाराचा सूर बदलतो. तरीही अडवलं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. अडचण आहे ती गल्लोगल्लीच्या स्वतंत्र नर्सऱ्यांची. त्यांतल्या अनेकींना कसलीच मान्यता नसते, आणि मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये सहा वर्षांपासून पुढे धरला आहे. तीन ते सहा हा सगळ्यांत महत्त्वाचा काळ कायद्यात असा पातळ राहिला आहे, हे आम्हांला मनापासून खटकतं.

तुमच्यापुढे आणखी दोन वाटा आहेत. अंगणवाडीला दिव्यांग मूल नाकारता येत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती काढली, त्यात मुलाला वर्गात सामावून घेणं हे ताईचं काम म्हणून लिहिलं आहे. दुसरी वाट शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांची. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेलं मूल वंचित घटकात मोडतं, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ज्या शाळेची प्रवेशपातळी पूर्वप्राथमिक धरली आहे तिथे या जागा त्या वर्गापासून असतात. म्हणून हे प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे स्वावलंबन कार्ड, यांचा अर्ज आताच ऑनलाइन करून ठेवा. प्रवेशाची तारीख आल्यावर धावपळ केली तर तपासणीची तारीख पुढची मिळते आणि वर्ष जातं.

आता ‘आधी बोलू दे’ या अटीबद्दल. बोलणं येतं ते बोलणाऱ्या मुलांत राहून, कारण तिथे मागायला, नाकारायला, हाक मारायला रोज पन्नास कारणं मिळतात. हातानं दाखवणं बंद करू नका. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही. तो खूण करेल तेव्हा तुम्ही तो शब्द स्वच्छ म्हणा आणि पुढे जा, त्याच्याकडून वदवून घेण्याचा हट्ट नको.

शी-शूसाठी वेळापत्रक लागतं. दर दीड तासानं नेऊन दोन-तीन मिनिटं बसवायचं. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, पाय लोंबकळत असले तर जोर लावता येत नाही, म्हणून पायांखाली पाट किंवा वीट हवीच. इलॅस्टिकची चड्डी घाला. नाडी, हुक, बेल्ट नको. पिशवीत कपड्यांचे दोन जोड ठेवा. नर्सरीला हे सगळं एका पानावर लिहून द्या : काय आवडतं, कशाला घाबरतो, ‘पाणी’ आणि ‘शू’ची खूण कोणती, जेवताना काय मदत लागते. मुलाखतीतल्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा हे पान शिक्षिकेला जास्त उपयोगी पडतं.

त्याच पानावर तब्येतीच्या तीन गोष्टी ठळक लिहा. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, तेव्हा टू-डी इको झालेला नसेल तर करून घ्या आणि त्यात काय निघालं ते लिहा. कानात पाणी साठून ऐकू कमी येणं या मुलांत फार आढळतं. ‘ऐकत नाही, हट्टी आहे’ असं जे म्हटलं जातं त्यामागे कित्येकदा हेच असतं. आणि मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल असू शकतात, म्हणून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय कोलांटउडी आणि डोक्यावर उभं राहणं नको. बाकी पळणं, चढणं, नाचणं सगळं करू द्या.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत २८ मुलं, मी आणि मदतनीस. चार वर्षांचा एक मुलगा सतरंजीवर मिनिटभरही बसत नाही. गाणी सुरू झाली की कानांवर हात ठेवून दाराकडे पळतो. बोलत नाही, नावानं हाक मारली तरी बघत नाही. माझं विशेष प्रशिक्षण झालेलं नाही. त्याला कसं घेऊ?
– अंगणवाडीसेविका, शहापूर तालुका

उत्तर : ताई, त्याच्या पळण्याला कारण आहे, आणि ते तुम्ही पत्रातच लिहिलंय : गाणी सुरू झाली की. तीन दिवस एका वहीत चार रकाने करा. वेळ, त्याआधी वर्गात काय चाललं होतं, त्यानं काय केलं, त्यानंतर काय झालं. बारा-पंधरा नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. गोंगाटात पळतो, की एक काम संपून दुसरं सुरू होताना, की नुसतं बसून वाट पाहायची असते तेव्हा? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. शेवटचा रकाना गाळू नका. पळाल्यावर मदतनीसताई दरवेळी उचलून अंगणात नेत असतील, तर पळणं हा त्याचा अंगणात जायचा रस्ता झालेला असतो.

आवाजाचा त्रास असेल तर गाण्याच्या वेळी त्याला भिंतीपाशी, दाराजवळ बसवा. पहिले काही दिवस फक्त शेवटच्या कडव्याला आत बोलवा, मग शेवटच्या दोन कडव्यांना, असं मागून पुढे वाढवत न्या. म्हणजे तो येतो तेव्हा गाणं संपत आलेलं असतं, आणि संपेपर्यंत टिकल्याचा अनुभव रोज मिळतो. सुरुवातीपासून बसवून मधेच पळू दिलं तर याच्या उलटं शिकतो. ढोलकी, थाळी काही दिवस बाजूला ठेवा, टाळीवर भागवा.

गाण्याआधी त्याला वजनदार काम द्या : सतरंजीची गुंडाळी ढकलत आणणं, पाण्याच्या बाटल्यांची टोपली मदतनीसताईंबरोबर उचलणं, ठोकळ्यांचं खोकं सरकवणं. स्नायूंना असा जोर लागला की अशी पुष्कळ मुलं शांत होतात. पाच मिनिटं पुरतात.

मग दिवसाचा चित्रपट्टा. पुठ्ठ्याची १० बाय १० सेंटिमीटरची पाच-सहा कार्डं करा : गोलात बसणं, गाणं, खेळ, हात धुणं, खाऊ, घरी. चित्र काढता येत नसेल तर मोबाइलवर तुमच्याच अंगणवाडीचे फोटो काढून छापून घ्या, ते जास्त चांगले, कारण त्यात त्याची ताटली आणि त्याचा नळ दिसतो. दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी डावीकडून उजवीकडे लावा. एक काम झालं की ते कार्ड त्याच्या हातानं उलटं करा. चित्र ओळखत नसेल तर वस्तू दाखवा : खाऊसाठी ताटली, अंगणासाठी चेंडू. दोरी त्याच्या डोळ्यांच्या उंचीला हवी, जमिनीपासून साधारण ८० ते ९० सेंटिमीटर. बहुतेक ठिकाणी ही कार्डं तक्त्यांच्या रांगेत पाच फुटांवर लागतात आणि वर्गाची शोभा होऊन बसतात. दुसरी चूक म्हणजे महिनाभरात मूल स्थिरावलं की कार्डं काढून टाकणं. ते कार्डांमुळे स्थिरावलेलं असतं. राहू द्या.

बोलताना जवळ जा, त्याच्या उंचीला बसा, नाव घ्या, दोन-तीन शब्दांत सांगा : ‘चल, हात धुऊ.’ मग मनात दहापर्यंत मोजा. आपण दोन सेकंदांत तेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हणतो, त्याचं पहिलं वाक्य लावणं चालू असतानाच दुसरं येऊन पडतं, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काम बदलण्याआधी रोज एकच खूण द्या, घंटा किंवा खुळखुळा, आणि ‘अजून दोन वेळा, मग खाऊ’ असं सांगा.

कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा लावून एक शांत जागा करा, आत एक उशी आणि त्याच्या आवडीची एखादी वस्तू. तिथे तो आपण होऊन जाईल आणि आपण होऊन परत येईल. बाकी मुलांनाही जाऊ द्या. रागावून तिथे एकदा जरी बसवलं तरी ती जागा शिक्षेची होते, मग तिचा उपयोग संपतो.

२८ मुलांत हे कसं करायचं, हा तुमचा खरा प्रश्न. एकाच वेळी २८ जणांना एकच काम दिलं तर होणार नाही. सात-आठ जणांचे चार गट करा : दोन गट आपले आपण खेळतील असं साहित्य (वाळू-पाणी, ठोकळे), एक मदतनीसताईंकडे, एक तुमच्याकडे, आणि २० मिनिटांनी बदल. तो मुलगा तुमच्याकडे आठ जणांत बसेल, आणि आठ जणांचा आवाज त्याला झेपेल.

तपासणीबद्दल. न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानांची, मग ते आवाजानं कानांवर हात का ठेवत असेना. काही आवाज नकोसे होणं आणि काही ऐकूच न येणं एकाच मुलात असू शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये तुमच्या शेजारच्या पालघरमधूनच सुरू झाला होता. पथकाच्या फेरीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. पालकांशी बोलताना ‘ऑटिझम’ हा शब्द तुम्ही वापरू नका, निदान डॉक्टरांचं काम आहे. वहीतली नोंद दाखवा : हाक मारली तर दहापैकी दोनदा वळतो, बोटानं वस्तू दाखवत नाही, हवं असेल तर माझा हात धरून नेतो. पालकांना हे पटतं, कारण घरी त्यांनी तेच पाहिलेलं असतं.

प्रश्न : बालवाडीत एका मुलीला फिट येते. आली तर आम्ही काय करायचं? घाबरायला होतं.
– मदतनीस, धाराशिव

उत्तर : घड्याळ बघा, वेळ लक्षात ठेवा. मुलीला एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर वाहील आणि घशात जाणार नाही. डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचं बटण सोडा, आजूबाजूचं साहित्य सरकवा. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवल्यानं फिट थांबत नाही. ती आपण होऊन थांबते, आणि श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटांवर गेली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, श्वास नीट लागला नाही किंवा आयुष्यातली पहिलीच असली, तर लगेच १०८. थांबल्यावर झोपेल, झोपू द्या. दुसऱ्या कुणी मोबाइलवर अर्धा मिनिट चित्रण केलं तर ते डॉक्टरांना फार उपयोगी पडतं. मात्र ते पालकांशिवाय कुणाला पाठवू नका.

काही मुलं फिटमध्ये पडत नाहीत. पाच-दहा सेकंद नुसती शून्यात बघतात, हाक मारली तरी कळत नाही, मग काहीच झालं नाही अशी पुढे खेळतात. अशा मुलांना ‘लक्ष नसतं’ म्हणून ओरडा बसतो. दिवसातून पुन्हा पुन्हा दिसलं तर नोंद करून पालकांना सांगा.

प्रश्न : पुढच्या जूनपासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी असणं) असलेली चार वर्षांची मुलगी येणार आहे. तिला आधाराशिवाय बसता येत नाही. दाराला तीन पायऱ्या आहेत. रॅम्प करायचा ठरलंय, आणखी काय लागेल?
– बालवाडी शिक्षिका, नागपूर

उत्तर : रॅम्पचा हिशेब आधी करा, कारण गवंडी सांगतो त्या जागेत तो बसत नाही. उतार १ : १२ हवा. तुमच्या पायऱ्या प्रत्येकी १५ सेंटिमीटर धरल्या तर एकूण उंची ४५, म्हणजे रॅम्पची लांबी ५४० सेंटिमीटर, जवळजवळ १८ फूट. सरळ एवढी जागा नसेल तर मधे सपाट जागा ठेवून वळवून घ्या. रुंदी १२० सेंटिमीटर, वर दारापाशी दीड मीटर बाय दीड मीटर सपाट, कडेला कठडा. गुळगुळीत फरशी नको, खडबडीत कोबा करा. दोन मीटरांत उरकलेला रॅम्प फोटोत छान दिसतो, पण चाकाची खुर्ची ढकलणारी बाई त्यावरून मागे घसरते, आणि आठवडाभरात पुन्हा मुलीला उचलून न्यायला सुरुवात होते.

तरी रॅम्प दारापर्यंतच नेतो. वर्ग जमिनीवर बसतो, मग ती कुठे बसणार? एकटी उंच खुर्चीवर बसली तर ती दिवसभर सगळ्यांच्या डोक्यांवरून बघत राहते, कुणी तिच्याशी खेळत नाही. म्हणून दोन बैठका करा.

जमिनीवरची : दोन फळ्या काटकोनात जोडून कोपरा-बैठक करा, फळ्यांची उंची तिच्या खांद्यापर्यंत. पाठ कोपऱ्यात टेकली की खांदे थोडे पुढे येतात आणि हात समोर मिळतात. दोन मांड्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे पाय एकमेकांवर चढत नाहीत. पाय दोन्ही बाजूंना मागे दुमडून बसायची तिची सवय असेल तर मोडा, त्यानं मांडीचे सांधे बिघडतात.

टेबलावरची : कंबर, गुडघे आणि घोटे तिन्ही काटकोनात. बैठकीची उंची गुडघ्यामागच्या खळीपासून टाचेपर्यंतच्या मापाएवढी, खोली ढुंगणाच्या मागच्या टोकापासून त्याच खळीपर्यंतच्या मापापेक्षा २-३ सेंटिमीटर कमी. माप २७ आलं तर बैठक २४-२५ ठेवा. खोली जास्त झाली की मूल पुढे घसरतं, पाठ वाकते, मग कुणीतरी छातीला ओढणी बांधतं. पट्टा कमरेला हवा, छातीला नव्हे. पायांखाली पाट. टेबल कोपराच्या उंचीपेक्षा किंचित वर. आणि तिच्या टेबलाशी रोज आणखी तिघे बसले पाहिजेत.

खर्च कमी करायचा तर ही खुर्ची पुठ्ठ्याचीही होते. खोक्यांचा नालीदार पुठ्ठा घ्या, एका थरातल्या नाळ्या उभ्या, पुढच्या थरातल्या आडव्या, असे थर खळ लावून चिकटवा, वजनाखाली दाबून पूर्ण वाळवा, मग कापा. वरून कागद आणि ऑइलपेंटचे दोन हात. पावसाळ्याआधी करून वाळवा. ओल आत राहिली तर बुरशी धरते. आणि ती पाण्याच्या कामाला वापरू नका. कुठल्याही एका बैठकीत अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त ठेवू नका. तिच्या थेरपिस्टना पहिल्या आठवड्यात वर्गात बोलवा, मापं त्यांनी एकदा बघावीत.

खाऊच्या वेळी सगळ्यांत जास्त काळजी घ्या. मान मागे टेकवून भरवायचं नाही, त्या स्थितीत घास श्वासनलिकेकडे जातो. हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालच्या बाजूनं. पातळ पाणी, ताक यांचा ठसका लागतो, मऊ घट्ट खिचडी सोपी जाते. खाल्ल्यावर अर्धा तास बसतं ठेवा. खाताना किंवा नंतर आवाज घोगरा-ओलसर येत असेल, वारंवार छाती भरत असेल, तर आईला त्याच दिवशी सांगा.

प्रश्न : वर्गातला एक मुलगा श्रवणयंत्र सारखं काढून टाकतो. कधी ते शिट्टी मारतं. कायम लावायला सांगू का?
– बालवाडी शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : यंत्र नीट चालतंय का, हे आधी बघा. रोज सकाळी त्याच्या मागे किंवा बाजूला उभे राहून, ओठ न दाखवता, सहा आवाज काढा : आ, ई, ऊ, म्, श्, स्. प्रत्येक आवाजाला त्यानं एक ठोकळा डब्यात टाकायचा. एखाद्या आवाजाला कालपर्यंत टाकत होता आणि आज टाकत नाही, म्हणजे बॅटरी, मळ किंवा कान यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. शिट्टी येते ती बहुधा कानातला साचा सैल झाल्यामुळे. मूल वाढतं, कान वाढतो, म्हणून या वयात साचा काही महिन्यांनी नव्यानं घ्यावा लागतो. कानात मळ साठला असला तरी शिट्टी येते. आवाज कमी करून शिट्टी थांबवू नका. मग यंत्र नुसतं लटकलेलं राहतं.

बॅटरी चपटी गोल असेल तर तिच्यावरचा स्टिकर काढून मिनिटभर हवेत ठेवा, मग बसवा. वापरलेली बॅटरी कुलुपात. मुलानं गिळली तर वाट न पाहता थेट रुग्णालय. कोकण-कोल्हापूरच्या पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायला पालकांना सांगा.

बसण्याची जागा तुमच्यापासून मीटरभरात. खिडकी तुमच्या पाठीशी नको, उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा. रिकाम्या भिंती आणि उघडी फरशी आवाज घुमवतात आणि यंत्र तो घुमणारा आवाजही वाढवून देतं, म्हणूनच तो काढून फेकत असेल. सतरंजी, पडदे, टेबलांच्या पायांना कापडी बुटं, एवढ्यानं फरक पडतो. ओरडून बोलू नका, त्यानं शब्द फाटतात. तपासणी, साचा किंवा यंत्राबद्दल अडलं तर मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

प्रश्न : नातीच्या ज्युनिअर केजीत एका विशेष मुलाला घेतलंय. तो मधेच ओरडतो, एकदा चावला. दया आहे, पण बाकीच्या मुलांचं नुकसान होत नाही का?
– एक आजोबा, ठाणे

उत्तर : आजोबा, वर्गात तीस मुलं आणि एकच शिक्षिका असेल तर नुकसान सगळ्यांचंच होतं, त्या मुलाचं सर्वांत जास्त. शाळेला विचारायचं ते हे : वर्गात मोठी माणसं किती, चावल्यानंतर त्याआधी काय घडलं ते कुणी पाहिलं का, आणि पुढे काय करायचं ठरवलं? न बोलणारं मूल चावतं ते बहुधा ‘नको’ किंवा ‘माझं आहे’ हे सांगण्यासाठी. ‘नको’ची खूण शिकवली, गर्दीच्या रांगेतून त्याला पुढे घेतलं, की चावणं कमी होतं.

मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली बालगृह सुरू केलं त्याआधी त्या बौद्धिक दिव्यांग मुलांबरोबर काम करत होत्या, आणि तिथलं साहित्य त्यांनी सगळ्या मुलांसाठी आणलं. नातीच्या वर्गातले लाकडी ठोकळे आणि बटणपट्ट्या त्याच वाटेनं आल्या आहेत. दयेची गरज नाही. नातीनं विचारलं तर सरळ सांगा : ‘त्याला बोलायला अजून येत नाही, मोठा आवाज त्याला टोचतो. त्याला हवं असेल तर खेळायला बोलव, नको असेल तर सोड.’ पाच वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा, बोलणं उशिरा. घरी मराठी बोलतो. ओळखीचे सांगतात, दोन भाषांनी गोंधळ होतो, इंग्रजीच बोला.
– एक आईबाबा, न्यू जर्सी

उत्तर : दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाडावता, गोष्ट सांगता तीच बोला. तुटक इंग्रजीनं त्याला मिळणारी भाषा कमी होईल, आणि आजी-आजोबा तुटतील ते वेगळंच. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. अमेरिकेत तिसऱ्या वाढदिवसापर्यंत राज्याची अर्ली इंटरव्हेन्शन सेवा आणि त्यानंतर शाळेचा डिस्ट्रिक्ट जबाबदार असतो. सेवा सुरू असेल तर बदलाची बैठक वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी व्हायला हवी. अजून काहीच सुरू केलं नसेल तर या आठवड्यात फोन करा, हातात सहाच महिने आहेत. तपासणी मुलाच्या भाषेत व्हावी आणि गरज असेल तर आयईपीच्या, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या, बैठकीत दुभाषी मिळावा, हे तुमचे हक्क आहेत.

प्रश्न : शाळेनं मुलीला ठेवून घेतलं, पण ‘शॅडो टीचर (वर्गात फक्त तिच्यासाठी बसणारी मदतनीस) तुम्ही आणा’ अशी अट घातली. ताई चांगल्या आहेत, पण सहा महिन्यांनंतरही मुलगी त्यांच्याशिवाय हलत नाही.
– एक पालक, पुणे

उत्तर : ताई मुलीला खूप चिकटून बसत असाव्यात. मदत करणारं माणूस मूल आणि शिक्षिका यांच्या मधे बसलं की शिक्षिका सूचना मुलाला न देता त्या माणसाला देते, आणि बाकी मुलंही त्यालाच विचारतात, ‘ती खेळेल का?’ त्यांना मुलीच्या मागे, हातभर तिरकं बसायला सांगा. सूचना शिक्षिकेनंच द्यायची. मुलीनं काही केलं नाही तर ताईंनी दहा मोजायचे. मग बोटानं दाखवायचं, तरी नाही तर कोपराला हलका स्पर्श, आणि शेवटी हात धरून करवून घ्यायचं. पुष्कळदा सुरुवातच हात धरण्यापासून होते, तिथेच गाडं अडतं.

शिकवताना काम मागून सोडत या. दप्तर अडकवण्याचे टप्पे : खांद्यावरून काढणं, बंद शोधणं, खुंटीपर्यंत नेणं, अडकवणं. पहिले तीन ताईंनी करवून घ्यायचे, शेवटचा तिनं एकटीनं. तो आठवडाभर जमला की शेवटचे दोन. काम दरवेळी तिच्याच हातानं पूर्ण होतं.

शाळेबरोबर बसून दिवसाचे तुकडे लिहून काढा : प्रार्थना, गोल, टेबल, खाऊ, मैदान, घरी जाणं. ज्यात ती सर्वांत सहज आहे तो एक निवडा, बहुधा खाऊ, आणि त्या २० मिनिटांत ताई वर्गाबाहेर. त्या वेळी शेजारी कोण बसेल, डबा उघडला नाही तर तिनं कुणाला खूण करायची, हे आधी ठरवा. दोन आठवडे ठीक गेले की पुढचा तुकडा. मैदान आणि घरी जायची वेळ शेवटी ठेवा, तिथे गर्दी असते आणि मूल हातातून सुटतं. ताईंच्या पगाराबद्दल शाळेला लेखी विचारा : वर्गाला दुसऱ्या मोठ्या माणसाची गरज आहे असं शाळेचंच म्हणणं असेल, तर ते माणूस साऱ्या वर्गासाठी शाळेनं का नेमू नये? एकाच वर्गात दोन-तीन पालक वेगवेगळे पैसे मोजत असतील तर त्यांच्या सह्यांसह अर्ज द्या.